कापडी पिशव्या घरात ढीगभर, पण बाजारात हात रिकामाच – सवय कशी लावलीत?

अबोली_मुलुंड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आज वेळ मिळालाय म्हणून सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या रविवारी कपाट आवरताना घरातल्या कापडी पिशव्या मोजल्या. तेवीस निघाल्या. हळदीकुंकवाच्या वाणातल्या, साडीच्या दुकानातल्या, मुंजीत मिळालेल्या, नवऱ्याच्या ऑफिसच्या कॉन्फरन्सच्या. आणि सिंकखाली प्लास्टिकच्या पिशव्या कोंबलेली जी पिशवी असते ना, ती सगळ्यांकडे असतेच, ती तर मोजलीच नाही. तेवीस कापडी पिशव्या घरात असूनही आठवड्यातून चार वेळा मी भाजी प्लास्टिकमधून आणत होते, म्हंजे पिशव्या कमी पडतायत असं नक्कीच नव्हतं.

म्हणून जानेवारीपासून एक केलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशोब लिहितो तिथेच, ज्या दिवशी प्लास्टिकची पिशवी घरात आली त्या दिवशी लाल ठिपका द्यायचा. पहिल्या महिन्यात १९ ठिपके. फेब्रुवारीत ठिपके नीट बघितले तेव्हा लक्षात आलं की ते जोडीने येतायत. सोमवारी पिशवी नेली, भाजी आणली, घरी आल्यावर रिकामी करून खुर्चीच्या पाठीला अडकवली. मंगळवारी पिशवी खुर्चीवर आणि मी ट्रेनमध्ये. म्हणजे नेण्याचं विसरत नव्हते, रिकामी झालेली पिशवी परत पर्समध्ये जात नव्हती. सवय तुटत होती ती तिथे.

दुसरं असं की सगळे सांगतात "दाराशी पिशवी लावून ठेवा". दारातून बाजारात जाणाऱ्यांसाठी ते बरोबर आहे. पण मी ७:५२ ची स्लो पकडते, संध्याकाळी सव्वासातला मुलुंडला उतरते आणि स्टेशनबाहेरूनच भाजी घेऊन घरी जाते. माझ्यासारख्या हजारो बायका हेच करतात. आमची खरेदी घरून निघून होत नाही, ट्रेनमधून उतरून होते. त्यामुळे पिशवी दाराला असून उपयोग नाही, डब्याच्या पिशवीत हवी.

आता नियम एकच ठेवलाय. घरी आल्यावर भाजी ओट्यावर ओतायची आणि भाजी फ्रीजमध्ये जायच्या आधी पिशवी घडी करून पर्समध्ये. हात धुवायच्याही आधी. मार्चमध्ये ६ ठिपके आले. त्या सहातले चार मासे आणि इडलीचं पीठ, त्याचं काय करायचं ते मला अजून जमलेलं नाही. तुम्ही काय करता? आणि ओल्या कचऱ्याच्या डब्याचं काय?

गिरगावकर_काका

अबोली, तू जे परतीचं लिहिलंस ते एकदम पटलं. आमच्या लहानपणी ही परत आणण्याची सोय व्यवहारातच होती. आरेच्या दुधाच्या सेंटरवर सकाळी रिकामी काचेची बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. बाटली विसरलास तर परत घरी जा, तीन जिने चढ, घेऊन ये. एकदा असं झालं की जन्मात विसरायचा नाही माणूस. तेलाला किटली, रॉकेलला डबा, वाण्याकडे डाळ-तांदूळ रद्दीच्या पुडीत दोरा गुंडाळून. भाजीला वायरची पिशवी, आमच्या आईने स्वतः विणलेली निळी-पांढरी, ती खिडकीजवळच्या खिळ्याला असायची. त्या खिळ्याला दुसरं काहीही लावायची कोणाला परवानगी नव्हती.

तेव्हा कोणी पर्यावरण म्हणून करत नव्हतं, दुसरा पर्यायच नव्हता. पण त्यामुळे विसरायला फट नव्हती हेही खरं.

नवी_आई_बोरिवली

अबोली ताई +१. मी डायपर बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात दोन ठेवते. बाळ झाल्यापासून ती बॅग विसरणं शक्यच नाहीये त्यामुळे पिशवी पण विसरत नाही. जी वस्तू आपण कधीच विसरत नाही तिला पिशवी बांधून टाकायची.

कलिनाकर

मी या विषयावर शांतपणे लिहू शकत नाही कारण २६ जुलै २००५ ला मी कलिनाला होतो, तळमजल्यावर. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३ च्या आसपास. आमच्या घरात पाणी छातीपर्यंत. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी बाहेर आलो तर खिडक्यांच्या ग्रिलला, झाडांच्या फांद्यांना, वायरींना एकाच उंचीवर पिशव्या लटकत होत्या. पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याची रेघ पिशव्यांनी आखली होती. गल्लीच्या तोंडाशी गटाराचं झाकण उघडलं तेव्हा आतून गाळ आणि पिशव्यांचा एकजीव झालेला गोळा निघाला, पहार लावून काढावा लागला.

फक्त पिशव्यांमुळे पूर आला असं मी म्हणणार नाही. भरती होती, मिठी नदीच्या पात्रात अतिक्रमणं झालेली होती, आपले जुने नाले तासाला २५ मिमी पावसासाठी बांधलेले. पण जी थोडीफार वाट होती तीही बुजलेली होती. त्यानंतर २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बंदी आणली. बांगलादेशने तर २००२ मध्येच आणली होती, तिथेही पुरात गटारं पिशव्यांनी तुंबली होती म्हणूनच. तरी अजून दरवर्षी मेमध्ये आमच्या इथला नाला साफ करताना तेच निघतं.

ज्यांना वाटतं एका पिशवीने काय होतंय त्यांनी पावसाच्या आधी एकदा नालेसफाई बघायला उभं राहावं.

अबोली_मुलुंड

कलिनाकर, ती रेघ वाचून अंगावर काटा आला. त्या दिवशी मी सायनला अडकले होते, पण एवढं नव्हतं बघितलं.

लालबागचा_वाणी

नमस्कार. माझं किराण्याचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. दुकानदाराची बाजू कोणी लिहीत नाही म्हणून लिहितोय.

२०१८ च्या २३ जूनपासून राज्यात बंदी लागू झाली तेव्हा आम्ही दुसऱ्या दिवशी सगळा साठा काढून टाकला. दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि ३ महिन्यांपर्यंत कैद. माझ्यासारख्या दुकानाला पहिला दंडच खूप झाला. पहिले दोन-तीन महिने गिऱ्हाईक पिशवी घेऊन यायचं, खरंच यायचं, म्हाताऱ्या आजीपण जुन्या पिशव्या शोधून आणायच्या. मग हळूहळू शेजारच्या गल्लीत मिळायला लागल्या. मग समोरचा माणूस विचारायचा, "तो देतो, तुम्ही का नाही देत?" अर्धा किलो साखरेसाठी गिऱ्हाईक तोडणं परवडत नाही हो. मीही ठेवल्या, खोटं बोलणार नाही. होलसेलवाल्याने जाड आहेत म्हणून दिल्या आणि हातात घेतल्यावर फुंकर मारली तर उडतील अशा निघाल्या.

केंद्राचा नियम आता ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनचा आहे. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसापेक्षा जाड पिशवी पाहिजे. जाड का, तर एक म्हणजे ती फुकट वाटणं दुकानदाराला परवडत नाही, आणि दुसरं, भंगारवाला घेतो. पातळ पिशवी कचरावेचकसुद्धा उचलत नाही, दिवसभर गोळा केली तरी वजन भरत नाही. म्हणून ती रस्त्यावरच राहते.

अजून एक निरीक्षण. पूर्वी माणूस दुकानात यायचा तेव्हा हातात काहीतरी असायचं, पाकीट, पिशवी, चिठ्ठी. आता फक्त मोबाईल. स्कॅन केलं, पैसे गेले, आणि मग दोन्ही हातात सामान कसं न्यायचं हा प्रश्न काउंटरवर पडतो. तिथे मी काय करणार?

तर मी हे केलं. बचत गटाच्या ताईंकडून जुन्या चादरींच्या चाळीस पिशव्या शिवून घेतल्या आणि दाराशी हुकाला लावल्या. २० रुपये ठेवा, पिशवी न्या, आणा, २० रुपये परत घ्या. दोन महिन्यांत अकरा परत आल्या. म्हटलं हे काही चालत नाही. मग बायकोने सुचवलं की प्रत्येक पिशवीवर मार्करने बिल्डिंगचं नाव लिहा. तेव्हापासून बऱ्याच येतात, कारण बिल्डिंगमधलेच एकमेकांना विचारतात, "आपली पिशवी दुकानात दिलीत का?" काका, तुमच्या दुधाच्या बाटलीसारखंच झालं हे.

गिरगावकर_काका

वाणी भाऊ, तुमच्या दुकानाला माझा नमस्कार. बिल्डिंगचं नाव लिहिणं ही फार मोठी अक्कल आहे.

आकडेमोड

चर्चा चांगली चाललीये पण एक मुद्दा मांडायलाच हवा. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा अभ्यास केला, त्यात नवीन साध्या कॉटनच्या पिशवीला प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करायला ७,१०० वेळा वापरावं लागेल असं आलं. सेंद्रिय कॉटनला तर २०,०००. कॉटनला पाणी, खत, फवारणी सगळं लागतं. मग तेवीस पिशव्या घरात पडून असणं हे पर्यावरणाला चांगलं आहे का वाईट? मी विरोध म्हणून नाही विचारत, मनापासून विचारतोय.

शिवण_टिपण

आकडेमोड, चांगला प्रश्न आहे आणि त्याला उत्तर आहे. तो ७,१०० चा आकडा सगळे निकष एकत्र धरून, त्यातला जो सगळ्यात वाईट निघाला त्यावरून काढलाय, तो ओझोनच्या थराचा होता. फक्त हवामानबदलाचा निकष धरला तर त्याच अहवालात साध्या कॉटनला ५२ वेळा आहे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २०११ च्या अहवालात १३१ वेळा होता. आठवड्यातून तीनदा वापरली तर १३१ वेळा वर्षाच्या आत होतात. आणि हे दोन्ही अभ्यास पिशवी जन्माला घालण्याचा खर्च मोजतात, ती गटारात गेली किंवा गायीच्या पोटात गेली तर काय होतं ते त्यात जवळपास धरलेलंच नाही.

पण तुझा मूळ मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. नवीन कॉटनची पिशवी विकत घेऊन कपाटात टाकणं हे सगळ्यात वाईट. म्हणून मी नवीन कापडाची पिशवी शिवतच नाही. जुनी साडी, पँट, पडदा, चादर. त्या कापडाचा कापूस कधीच पिकून, विणून, वापरून झालेला आहे. वाणात पिशव्या वाटणं बंद करा असं मी सगळ्या मैत्रिणींना सांगते, घरात आधीच तेवीस असताना चोविसावी कशाला.

आता काम सांगते. सगळ्यात भारी पिशवी कशाची होते माहितीये? मोडक्या छत्रीची. मुंबईत दर पावसाळ्यात घरटी एक तरी छत्री उलटी होऊन मरते. काड्यांच्या टोकाचे टाके कात्रीने कापायचे, वरची टोपी काढायची की कापड सलग निघतं, काड्या भंगारात. कापडाच्या आठ कळ्या आधीच एकमेकींना शिवलेल्या असतात. मध्यावर घडी घालून दोन बाजू मारल्या की झाली पिशवी. पाणी आत जात नाही, झटकली की सुकते, आणि घडी केली तर मुठीत मावते, पर्समध्ये आहे हे कळतसुद्धा नाही. माझी तीन वर्षं चालू आहे, पाच किलो बटाटे आरामात.

कापडाची करायची असेल तर १६ इंच रुंद आणि ३६ इंच लांब तुकडा, मधोमध दुमडायचा. बाजूची शिवण आधी सुलट बाजूने अगदी काठाला मारायची, मग उलटवून परत मारायची, म्हणजे धागे आत बंद होतात, नाहीतर दोन धुण्यात उसवते. मग तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणी ओढून टोकापासून दोन इंचावर आडवी शिवण, म्हणजे तळ चार इंचाचा चौकोनी होतो आणि पिशवी जमिनीवर उभी राहते. हे महत्त्वाचं आहे, तळ नसेल तर टोमॅटो खाली जाऊन बटाट्यांच्या वजनाने फुटतात. बंद जिथे लावता तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण, नुसत्या दोन रेघा मारल्या तर बंदच आधी निघतो.

आकडेमोड

शिवण ताई, धन्यवाद. ५२ आणि १३१ चं मला माहीत नव्हतं, जो आकडा फॉरवर्ड होत फिरतो तो ७,१०० चाच असतो. छत्रीचं तर आजच करतो, दोन मोडक्या आहेत माळ्यावर.

निस्त्याक

अबोली, माशांचं मी सांगते, आमच्याकडे आठवड्यात चार दिवस मासे लागतात. माहीमला राहते.

क्लिपच्या झाकणाचा स्टीलचा डबा, दोन लिटरचा. एवढंच. पण डबा काढायची वेळ महत्त्वाची. आधी मी भाव करायचे, मासे साफ व्हायचे आणि मग डबा काढायचे, तोपर्यंत मावशीने सवयीने पिशवीत घातलेलेच असायचे, मग ती पिशवी डब्यात. काही उपयोग नाही. तिचा हात साफ केल्या केल्या पिशवीकडे जातो, वर्षानुवर्षांची सवय आहे ती. आता जाते तीच डबा उघडून पाटीच्या कडेला ठेवते आणि मग विचारते "पापलेट कशी दिली". मग ती आपोआप तुकडे डब्यात टाकते. बोंबील तर डब्यातच बरे, पिशवीतून त्यांचं पाणी ठिबकून रिक्षात वास राहतो. वजनावर घेत असाल तर रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून शून्य करायला सांगायचं, कोणी नाही म्हणत नाही.

पहिल्यांदा डबा ठेवला तेव्हा मला भीती वाटत होती ती काय म्हणेल. ती म्हणाली, "बरं केलंस गो, आमच्या जाळ्यात पण मासळीपेक्षा ह्याच पिशव्या जास्ती येतात." नवरा समुद्रात जातो तिचा. मग मला जाळ्यातून पिशव्या कशा काढतात ते हाताने करून दाखवलं, जाळं फाटू नये म्हणून एकेक सोडवावी लागते, बर्फ संपत असतो आणि हे काम चालू. त्या दिवसानंतर मी एकदाही डब्याशिवाय गेले नाही.

चिकन-मटणाला वेगळा डबा, तो भाजीच्या पिशवीत ठेवू नका, आणि पिशवी आठवड्यातून एकदा तरी धुवा. कापडी पिशवीला आतून मातीचा थर बसतो, लोकांच्या लक्षात येत नाही.

अबोली_मुलुंड

निस्त्याक, डबा आधी ठेवायचा हे सुचलंच नव्हतं, मी नेमकं तेच करत होते जे तू आधी करायचीस! इडलीच्या पीठवाल्याकडे पण हेच करून बघते.

रविवारी_किनाऱ्यावर

मी वर्सोव्याच्या किनारा सफाईला जातो, जमेल तसा. अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये सुरू केली ती, २०१६ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला, तेव्हापासून लोकांना माहीत झाली.

तिथे पहिल्या दिवशी मला वाटलं होतं पिशव्या उचलायच्या आणि गोणीत भरायच्या. तसं नसतं. वाळूतून फक्त एक कोपरा दिसतो, कान धरल्यासारखा. ओढला की तो हातात येतो आणि बाकीची पिशवी खालीच. मग हाताने खणायचं. एक फूट खाली वाळूने भरलेली पिशवी, एवढी जड की दोघांनी ओढावी लागते, आणि तिच्याखाली दुसरी, आणि तिच्याखाली तिसरी. थर लागलेत. जुनी असेल तर हातात घेतल्यावर चुरा होतो, पापडासारखा, आणि तो चुरा उचलता येत नाही. तो तिथेच राहतो. पावसाळ्यात मोठ्या भरतीला जे किनाऱ्यावर येऊन पडतं ते लोक मोबाईलवर शूट करतात, पण जे वाळूखाली आहे त्याचा व्हिडिओ निघत नाही.

त्या चुऱ्यानंतर मला कोणी समजवावं लागलं नाही. माझ्या हेल्मेटच्या आत पिशवी असते, बाईकवरून उतरलो की हातात आलीच.

नवी_आई_बोरिवली

मला एक विचारायचंय, त्या कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या, मिठाईवाले देतात त्या, चांगल्या असतात का? माझ्याकडे खूप जमल्यात.

शिवण_टिपण

नाही गं, ते कापड नव्हेच. नॉन-वोव्हन म्हणतात त्याला, ते पॉलिप्रॉपिलीन असतं म्हणजे प्लास्टिकच. जवळून बघ, त्यावर बारीक ठिपक्यांची नक्षी दिसेल, ते तंतू गरम करून दाबलेले असतात, विणलेले नसतात. कापडाचा धागा ओढला तर सुटून येतो, याचा येत नाही. इस्त्री लावलीस तर वितळून चिकटेल म्हणून लावू नको. २०१८ च्या राज्याच्या बंदीत त्याही होत्या. पण आता घरात आल्याच आहेत तर फेकू नको, फाटेपर्यंत वापर. फेकलीस तर रविवारी_किनाऱ्यावर भाऊंना खणावी लागेल.

कलिनाकर

मॉलमध्ये पिशवीचे वेगळे पैसे घेतात त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. मागे एका मोठ्या दुकानात बिल झाल्यावर सांगितलं की पिशवीचे १६ रुपये, आणि बाहेरची पिशवी आत आणू देत नाहीत, सिक्युरिटीवाला दाराशी ठेवून घेतो. म्हणजे दोन्हीकडून आपणच.

आकडेमोड

कलिनाकर, याच मुद्द्यावर डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा निकाल आहे. पिशवीचे पैसे लागतील हे आधी ठळकपणे न सांगता बिलाच्या काउंटरवर लावणं ही अनुचित व्यापार पद्धत आहे असं त्यांनी म्हटलं. तेव्हा तक्रार करता येते. पण पैसे घेणं मुळात चूक आहे असं मात्र मला वाटत नाही. आयर्लंडने २००२ मध्ये प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर लावला आणि वापर साधारण ९० टक्क्यांनी खाली आला. दारावर मोठ्या अक्षरात लिहा, स्वतःची पिशवी आत नेऊ द्या, आणि मग खुशाल पैसे घ्या.

लालबागचा_वाणी

हे बरोबर आहे. फुकट मिळतंय तोवर कोणी घरून आणणार नाही, हे मी रोज बघतोय.

गिरगावकर_काका

अबोली, ओल्या कचऱ्याचं राहिलंच की. आम्ही डब्यात वर्तमानपत्राची चार पानं तळाला आणि बाजूने लावतो, भाजीचे देठ-सालं त्यावर. ताकाचं, आमटीचं पाणी आधी गाळून घ्यायचं, ओला कचरा ओला नसला की डबा घाण होत नाही. संध्याकाळी सफाईवाला येतो त्याच्या बादलीत डबा उपडा करायचा आणि धुवायचा. काळी पिशवी लागत नाही. शिवाय तो मुलगा सांगत होता की गाठ मारलेल्या पिशव्या त्याला हाताने फोडाव्या लागतात, आत काय असेल सांगता येत नाही, एकदा ब्लेड लागलं होतं त्याला. ते ऐकल्यापासून सौ.नी पिशवी बंदच केली.

आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडू नकोस, तो तुकडा लोंबता ठेवायचा. ते बारके तुकडेच गटारात जातात. पिशवी धुऊन वाळवली की रद्दीवाला घेतो.

अबोली_मुलुंड

काका, धन्यवाद. सफाईवाल्याच्या हाताचा विचार मी कधी केलाच नव्हता, उद्यापासून काळी पिशवी बंद.

थोडं अपडेट. इथे धागा काढून साडेतीन आठवडे झाले. एप्रिलमध्ये आतापर्यंत दोन ठिपके. एक पाहुणे आले तेव्हा, नवरा घाईत मोबाईल घेऊन तसाच खाली गेला, वाणी भाऊ म्हणतात तसं. म्हणून आता त्याच्या चाव्यांच्या खिळ्यालाच एक पिशवी लावलीये, चावी काढायची तर पिशवी हातात येतेच. दुसरा ठिपका माझा, भाजीवाल्याने मी पर्स उघडेपर्यंत कोथिंबीर पिशवीत टाकून दिली आणि गर्दीत मी परत दिली नाही. द्यायला हवी होती. आता निस्त्याकसारखं करते, पिशवीचं तोंड उघडून आधी समोर धरते आणि मग म्हणते "भैया, आधा किलो भेंडी".

माशांना डबा नेला! आमच्या इथली मावशी आधी डब्याकडे आणि मग माझ्याकडे बघत बसली, मग दोन कोळंब्या जास्तीच्या टाकल्या.

तेवीसमधल्या अठरा पिशव्या बिल्डिंगच्या वॉचमनच्या केबिनबाहेर हुकाला लावल्यात, वर बिल्डिंगचं नाव लिहून. पहिल्या आठवड्यात सात गेल्या, पाच आल्या. आणि शिवण ताई, सासूबाईंची एक जुनी नऊवारी आहे, विरलेली, त्या म्हणतात कापून टाक, मला धीर होत नव्हता पण त्याच म्हणाल्या निदान रोज तुझ्यासोबत बाजारात येईल. शनिवारी कापायला घेतेय. बंद किती लांब ठेवू? माझी उंची पाच फूट एक इंच.

शिवण_टिपण

अगं मस्तच. विरलेला भाग पदराजवळ नसतो सहसा, तिथलं कापड घे आणि काठ बंदासाठी वापर, काठ मजबूत असतो आणि दिसतोही छान. विरलेलं वाटलं तर दुहेरी घे. बंद २२ इंच. शिवायच्या आधी टाचणी लावून खांद्यावर टाकून बघ, तळ फार खाली लोंबायला नको, नाहीतर गर्दीत जिना चढताना आपल्याच गुडघ्याला लागतो आणि टोमॅटो जातात. बसत नसेल तर एक-एक इंच कमी करत जा, पण २० च्या खाली नको, थंडीत स्वेटरवरून खांद्यावर चढणार नाही.

अबोली_मुलुंड

२२ घेते. काठ हिरवा आहे, फोटो टाकते झाल्यावर.